रहस्यकथा लिहिणाऱ्यानं भयकथेला हात घालावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या दोन रहस्य कादंबऱ्या छापून आल्या, बऱ्या चालल्या. तिसरी निम्मी लिहून झाली आहे. पण गेले काही महिने डोक्यात एक भयकथा घोळते आहे, आणि तिच्या मागोमाग जुन्या काळातल्या एका लेखनिकाची गोष्ट. प्रकाशक म्हणतात, ‘तुमचं नाव रहस्यकथेशी जोडलं गेलंय, आता इकडेतिकडे जाऊ नका.’ लिहिणारे मित्र म्हणतात, ‘मनात येईल ते लिही.’ तर एकाच प्रकारात मुरावं की सगळीकडे लिहावं?

मी सत्तावीस वर्षं गोष्टी लिहितो आहे. सुरुवात रहस्यकथेनं केली. मग भयकथा, विज्ञानकथा, मुलांसाठी साहसकथा, एक ऐतिहासिक कादंबरी आणि एक प्रेमकथा. या प्रेमकथेनं मला सगळ्यात जास्त घाम काढायला लावला. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. लिहा, सगळं लिहा. फक्त तिसरी कादंबरी आधी पूर्ण करा. ही अट का घालतो ते पुढे येईलच.

आधी कथाप्रकार म्हणजे काय, हे नीट समजून घ्यावं लागेल, कारण बहुतेकांची गफलत इथेच होते. प्रेत असलं की रहस्यकथा, भूत असलं की भयकथा, यान असलं की विज्ञानकथा, तलवार असली की ऐतिहासिक, असं आपण धरून चालतो. हे सगळं सामान झालं. सामान एका घरातून दुसऱ्या घरात सहज नेता येतं. प्रकार ठरतो तो वाचकाला काय, कधी आणि कुणाच्या आधी कळतं यावर. गोष्ट सुरू करताना लेखक वाचकाला एक शब्द देतो. प्रकार बदलला की तो शब्द बदलतो.

नुसतं सांगून हे पटणार नाही, म्हणून एक साधा प्रसंग घेऊ. एक बाई रात्री साडेनऊला घरी येते. सकाळी निघताना तिनं कुलूप लावलं होतं, ते तसंच आहे. आत स्वयंपाकघरातला दिवा चालू आहे आणि ओट्यावर अर्धा भरलेला पाण्याचा पेला आहे. घरात दुसरं कुणी राहत नाही.

रहस्यकथेत मी हा प्रसंग असा लिहीन:

‘कुलपात किल्ली दोनदा फिरवावी लागली, म्हणजे ते नीट लागलेलं होतं. स्वयंपाकघरात दिवा चालू. खिडकीची कडी आतून घातलेली. ओट्यावर काचेचा पेला, बाहेरून दव धरलेला, अर्धा भरलेला. शेजारी सकाळचं वर्तमानपत्र, तिनं ठेवलं होतं तसंच, घडी न मोडलेलं. तिसरी किल्ली कुणाकडे आहे, हे तिला आठवेना.’

इथे वाचकाच्या हातात सगळं दिलेलं आहे. पेल्याला बाहेरून दव धरलंय, म्हणजे पाणी फ्रिजमधलं आहे आणि ते ओतून फार वेळ झालेला नाही. ज्यानं ते ओतलं तो काही मिनिटांपूर्वी इथे होता, कदाचित अजून आहे. पण हा तपशील मी पाच गोष्टींच्या मधोमध ठेवला आणि परिच्छेद किल्लीवर संपवला. वाचक किल्लीचा विचार करत पुढे जाईल. दोनशे पानांनंतर दवाचा उल्लेख आला की तो मागे येऊन पाहील आणि दव तिथे असेल. रहस्यकथेत वाचकाला दिलेला शब्द हा, की तपास करणाऱ्याला जे दिसलं ते तुम्हालाही दिसेल.

आता भयकथा:

‘तिनं दिवा बंद केला आणि वळली. घसा कोरडा पडला होता. अंधारातच पेला उचलून तिनं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. पेला खाली ठेवताना तिला जाणवलं की आपल्या मनात शब्द आला तो “उरलेलं” असा. जणू आधीचं अर्धं पाणीही तीच प्यायली होती.’

किल्ली नाही, कडी नाही, दवही नाही. कोण आलं होतं याचा छडा लावायची वाचकाला इच्छाच राहत नाही. उत्तर बाहेर नसून तिच्या आतच कुठेतरी आहे, अशी शंका त्याला आलेली असते. हीच शंका शेवटपर्यंत जिवंत ठेवायची, हा भयकथेतला शब्द.

प्रेमकथेत मी पहिल्याच ओळीत सांगून टाकीन की तो किल्ली परत द्यायला येऊन गेला. ‘किल्ली टेबलावर होती. पेला त्यानं विसळून ठेवला नव्हता. तीन वर्षं ती याच एका गोष्टीवरून त्याच्याशी भांडली होती. तिनं दिवा मालवला आणि पेला तसाच राहू दिला.’ वाचकाला सगळं माहीत आहे, तिलाही माहीत आहे. पुढचं पान उलटायचं ते फक्त ती तो पेला कधी विसळते हे पाहण्यासाठी.

विज्ञानकथेत ती दचकणारच नाही. तिच्या जगात घर माणसाची चाहूल लागताच पाणी ओतून ठेवतं. ती घरावर वैतागेल, की पुन्हा अर्धाच भरला. दचकेल तो वाचक, आणि तिच्या वैतागातून त्याला ते जग कळत जाईल. ऐतिहासिक कादंबरीत पेला बाजूला राहतो आणि दिवाच महत्त्वाचा होतो, कारण रिकाम्या घरात जळता दिवा म्हणजे फुकट जाणारं तेल. ते तेल कुणाचं, हा प्रश्न त्या काळातल्या बाईच्या मनात सगळ्यात आधी येईल.

प्रसंग एकच, पण लिहिणाऱ्याला प्रत्येक वेळी नजर वेगळ्या जागी ठेवावी लागली. अनेक प्रकारांत लिहिण्याचा खरा लाभ हाच आहे, आणि खरा धोकाही हाच.

धोक्याचं आधी सांगतो, कारण तो मी अंगावर घेतला आहे. बारा वर्षं रहस्यकथा लिहिल्यानंतर मी पहिली मोठी भयकथा लिहिली. पडक्या वाड्यातल्या एका खोलीत कुणीतरी रोज रात्री फरशी पुसतं, अशी कल्पना होती. कल्पना चांगली होती, आजही मला ती आवडते. शेवटच्या नऊ पानांत मी सगळं समजावून सांगितलं. ती कोण होती, तिला कुणी मारलं, रक्ताचा डाग कुठे होता, ती फरशी का पुसते, एवढंच नव्हे तर ती मंगळवारीच का येते, हेही. रहस्यकथाकाराची सवय. एक धागा सुटा राहिला की मला झोप लागत नसे. हस्तलिखित संपादकांकडून परत आलं तेव्हा त्या नऊ पानांतल्या पहिल्या पानावर समासात पेन्सिलीनं दोनच शब्द होते: ‘भूत मेलं.’

मी नऊ पानांची दीड पानं केली. मंगळवार ठेवला, कारण काढून टाकलं. शेवटी फक्त एवढंच ठेवलं की नव्या मालकाच्या मुलीनं एके सकाळी कुणी न सांगता फडकं हातात घेतलं. आजवर वाचकांची सगळ्यात जास्त पत्रं मला त्या कथेसाठी आली आणि बहुतेकांनी मंगळवारबद्दल विचारलं. मी कुणालाही उत्तर दिलेलं नाही.

उलटंही झालं. दोन भयकथासंग्रह हातावेगळे करून मी पुन्हा रहस्यकथेकडे आलो, तेव्हा मला धुकं आवडायला लागलं होतं. खुनाच्या रात्री पाऊस ‘केव्हातरी’ थांबला, दिवे ‘थोड्या वेळानं’ आले, असं मी लिहून गेलो. भयकथेत हे खपतं, किंबहुना शोभतं. एका वाचकानं घटनांची वेळवार यादी करून पाठवली आणि दाखवून दिलं की माझ्या खुन्याला दोन ठिकाणी एकाच वेळी असावं लागतं. त्यांची यादी बरोबर होती. दुसऱ्या आवृत्तीत मी दोन प्रकरणं नव्यानं लिहिली.

म्हणजे एका प्रकारातली सवय दुसऱ्या प्रकारात दोष ठरते. आणि ती सवय स्वतःला दिसत नाही, कारण पहिल्या प्रकारात तिच्यासाठीच कौतुक झालेलं असतं.

रहस्यकथेचे नियम तर लोकांनी चक्क लिहून ठेवले. रोनाल्ड नॉक्स हे इंग्रज धर्मगुरू स्वतः रहस्यकथा लिहीत. त्यांनी १९२९ मध्ये दहा नियम सांगितले. गुन्हेगाराचा उल्लेख गोष्टीच्या सुरुवातीच्या भागात यायला हवा, अतिमानवी शक्तींना जागा नाही, गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त नको, तपास करणाऱ्याला सापडलेला धागा वाचकापासून लपवायचा नाही, असे ते नियम. लेखकांनी ते पुढे मोडलेही, पण मोडण्यासाठीसुद्धा आधी ते अंगात मुरावे लागतात. भयकथेचे असे नियम कुणी ठामपणे लिहू शकलेलं नाही, आणि तुम्हाला पहिला त्रास त्याचाच होईल. हाताला धरायला कठडाच नसतो.

इथे मराठीतला एक भेद उपयोगी पडतो. आपण भयकथा आणि गूढकथा असे दोन शब्द वापरतो आणि ते सरसकट एकाच अर्थानं वापरू नयेत. भयकथेत काहीतरी येतं. ते अंगावर येतं, त्याला दात असतात. गूढकथेत काही येत नाही, पण जे नेहमीचं आहे ते जागेवरून जरासं हललेलं असतं. वरचा ‘उरलेलं पाणी’ हा तुकडा खरं तर गूढकथेकडे झुकतो. तुमच्या डोक्यात घोळणारी गोष्ट या दोहोंपैकी कुठली आहे, हे लिहायला बसण्यापूर्वी स्वतःला विचारा. रहस्यकथेकडून येणाऱ्याला गूढकथा जास्त जवळची वाटते आणि त्याला फसवतेही तीच, कारण गूढ आणि रहस्य हे शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी वापरले जातात. रहस्य उकलतं. गूढ उकललं की संपतं.

आता लाभाकडे येतो. तो ‘विविधता येते’ एवढ्या मोघम वाक्यात मावणारा नाही. रहस्यकथेनं मला गोष्ट पेरायला शिकवलं, म्हणजे पुढे लागणारी वस्तू मागे कुठे, कशाच्या आडोशाला ठेवायची ते. प्रेमकथा लिहिताना कळलं की दोन माणसं ज्या विषयावर बोलत असतात तो विषय जवळजवळ कधीच खरा नसतो; ती भाड्याच्या पावतीवर बोलतात आणि भांडण असतं ते वडिलांच्या आजारपणात कोण आलं नाही यावर. त्यानंतर माझ्या रहस्यकथांमधल्या चौकशीचे प्रसंग पार बदलले. पूर्वी माझा तपास अधिकारी प्रश्न विचारायचा आणि साक्षीदार उत्तर द्यायचा. आता साक्षीदार भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतो, आणि कोणत्या प्रश्नाचं ते अधिकाऱ्याला ओळखावं लागतं.

मुलांच्या साहसकथांनी माझी वाक्यं सरळ केली. दहा वर्षांचा वाचक कंटाळला की पुस्तक बंद करतो, तो लेखकाच्या नावाची भीड ठेवत नाही. साहसकथा लिहून झाल्यावर मी जुन्या हस्तलिखितातली प्रस्तावनावजा पहिली तीन पानं उडवू शकलो. तोवर ती मला फार प्रिय होती. आणि ऐतिहासिक कादंबरीनं काय शिकवलं, तर माहिती गिळायला. चार वर्षं वाचून काढलेल्यातलं कागदावर फारच थोडं आलं. बाकीचं फक्त मला चूक करू देत नाही. हा संयम विज्ञानकथेत जसाच्या तसा कामी आला, कारण तिथेही लेखकाला आपल्या यंत्राबद्दल व्याख्यान द्यायची भयंकर इच्छा होते.

विनोदी लेखनाबद्दल मी बोलणार नाही. तो मला न जमलेला प्रकार आहे, आणि न जमलेल्याबद्दल उपदेश करू नये.

दोन प्रकार एकत्र करण्याबद्दलही लोक विचारतात. ते होतं, पण मग दोन्ही शब्द पाळावे लागतात. विज्ञानकथेत रहस्यकथा बसूच शकत नाही, असा एकेकाळी आक्षेप होता. तपास करणारा ऐन वेळी खिशातून एखादं नवं यंत्र काढेल आणि खुनी सापडेल, मग वाचकानं डोकं चालवायचं कशाला, असं त्यामागचं म्हणणं. आयझॅक असिमोव्ह यांनी मुद्दाम तशी कादंबरी लिहून हा आक्षेप खोडला. ती पुस्तकरूपानं १९५४ मध्ये आली. त्यांनी केलं ते अगदी साधं आहे. त्या जगातलं यंत्र काय करू शकतं आणि काय करू शकत नाही, हे त्यांनी गुन्ह्याच्या उकलीआधीच वाचकासमोर मांडलं. एकदा मर्यादा सांगितली की यंत्र हे सुरी किंवा विषाइतकंच प्रामाणिक साधन होतं. तुम्ही भूत असलेली रहस्यकथा लिहायला गेलात तर हेच करा. भुताला काय करता येत नाही ते आधी ठरवा आणि लवकर सांगा.

आता ती अट. तिसरी कादंबरी निम्मी झाली आहे आणि नव्या प्रकाराची ओढ नेमकी आत्ता लागली आहे, ही बाब मला काळजीची वाटते. कादंबरीचा मधला भाग प्रत्येक प्रकारात रुक्ष असतो. सुरुवातीचा उत्साह संपलेला, शेवट अजून दिसत नाही, सगळी पात्रं एका खोलीत उभी आहेत आणि कुणाला काय बोलावं कळत नाही. अशा वेळी दुसरी गोष्ट फार सुंदर दिसते. ती सुंदर असेलही, पण ती अजून लिहिलेली नाही, म्हणूनही ती तशी दिसते. माझ्या कपाटात तीन अर्धवट हस्तलिखितं आहेत आणि तिन्ही मी एकशे दहा ते एकशे चाळीस या पानांच्या दरम्यान सोडली, तिन्ही वेळा ‘वेगळा प्रकार करून पाहावा’ असं म्हणून. नव्या प्रकारात गेल्यावर तिथलं एकशे दहावं पान आलंच.

म्हणून मी स्वतःला एक कसोटी लावतो. नव्या गोष्टीबद्दल एका वहीत दोन पानं लिहायची, तारीख घालायची आणि वही मिटायची. चालू काम संपवायचं. मग वही उघडायची. दोन पानं वाचून पुढचा प्रसंग आपोआप दिसू लागला तर ती गोष्ट खरी आहे. नुसतं वातावरणच दिसत राहिलं, धुकं, वाडा, कंदील, तर ती ओढ गोष्टीची नव्हती. समोरच्या कामातून सुटण्याची होती. माझ्या अशा वहीतल्या निम्म्याहून अधिक नोंदी परत कधी उघडाव्याशा वाटल्या नाहीत. उरलेल्यांची पुस्तकं झाली.

नव्या प्रकारात शिरण्याआधी त्याचे वाचक व्हा. हे सगळेच सांगतात, पण कसं वाचायचं ते सांगत नाहीत. चार-पाच गाजलेली पुस्तकं वाचून भागत नाही, कारण गाजलेली पुस्तकं बहुतेकदा त्या प्रकाराची चौकट वाकवणारी असतात. साधी, मधल्या दर्जाची, भराभर वाचली जाणारी वीस-पंचवीस पुस्तकं वाचा. त्यातून कळतं की या वाचकाला काय शेकडो वेळा देऊन झालंय. माझ्या पहिल्या विज्ञानकथेत शेवटी उघड होतं की निवेदक स्वतःच यंत्रमानव आहे. मला हा शेवट फार धक्कादायक वाटला होता. त्या प्रकाराच्या नियमित वाचकानं तो दुसऱ्या पानावर ओळखला, कारण तो शेवट त्यानं कित्येकदा वाचला होता. ती चूक न वाचण्याची होती.

मग त्यातलं एक पुस्तक निवडा आणि पेन्सिल घेऊन परत वाचा. समासात फक्त तीनच गोष्टी टिपा. वाचकाला नवीन काय कळलं, ते पात्राच्या आधी कळलं की नंतर, आणि त्या पानावर कुठली अपेक्षा तयार झाली. भयकथा अशी वाचलीत तर दिसेल की पहिल्या चाळीस पानांत भीतीदायक असं जवळजवळ काहीच घडत नाही, पण अपेक्षा मात्र पानागणिक वाढत जाते. मला स्वतःला हा अभ्यास करायला प्रत्येक वेळी तीनेक महिने लागतात. तो वेळ लिहिण्यात मोजा, वाया गेला असं धरू नका.

आणि थेट कादंबरीला हात घालू नका. तीन लघुकथा लिहा. पहिलीत तुम्ही जुन्याच प्रकारात नव्या सामानानं लिहाल, दुसरीत नव्या प्रकाराची नक्कल कराल, तिसरीत कदाचित स्वतःचा आवाज सापडेल. निदान माझं प्रत्येक वेळी असंच झालं आहे. तिसरी लिहून होईपर्यंत ‘मला हा प्रकार जमतो’ किंवा ‘जमत नाही’ असा निकाल देऊ नका. पहिल्या वाचनासाठीही त्या प्रकाराचा रोजचा वाचक शोधा. तुमच्या रहस्यकथांवर प्रेम करणारा मित्र भयकथेतही धागेच शोधेल आणि ते जुळवा म्हणून तुम्हाला सुचवेल.

प्रकाशकांचं म्हणणं उडवून लावू नका. ते तुमच्या प्रतिभेवर शंका घेत नाहीत. तुमचं नाव पाहून पुस्तक उचलणाऱ्याच्या मनात आधीच एक अपेक्षा असते आणि ती मोडली तर तो पुढचं पुस्तक उचलताना थबकतो, हे त्यांना अनुभवानं माहीत आहे. दर प्रकारात वाचक पुन्हा शून्यापासून जमवावे लागतात, हेही खरं आहे. माझ्या प्रेमकथेची पहिली आवृत्ती संपायला रहस्यकथेच्या चौपट काळ लागला. हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवूनच उडी घ्या.

यावर जुना तोडगा म्हणजे वेगळं नाव. आपल्याकडे तर त्याची फार सुंदर परंपरा आहे. राम गणेश गडकरी यांनी नाटकं स्वतःच्या नावानं लिहिली, कविता ‘गोविंदाग्रज’ म्हणून आणि विनोद ‘बाळकराम’ म्हणून. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा वयाची चौतीस वर्षंही पुरी झाली नव्हती, आणि एवढ्या काळात तिन्ही नावं वाचकांच्या तोंडी बसली होती. वाचकाला नाव वाचताच कळे की आज आपल्यासमोर कोण बसलंय. अगाथा ख्रिस्ती यांनी १९३० ते १९५६ या काळात ‘मेरी वेस्टमाकॉट’ या नावानं सहा कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत तपास नव्हता, खुनी नव्हता. ते नाव कुणाचं हे बरीच वर्षं वाचकांना माहीत नव्हतं. जयंत नारळीकरांचं कारण निराळं होतं. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी १९७४ मध्ये कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे परीक्षक नाव पाहून नव्हे तर कथा वाचून निकाल देतील. तिला पहिलं बक्षीस मिळालं.

आर्थर कॉनन डॉयल यांनी दुसरा मार्ग धरला. ऐतिहासिक लेखनाला वेळ मिळावा म्हणून १८९३ मध्ये त्यांनी आपल्या गाजलेल्या गुप्तहेराला कथेत मारूनच टाकलं. वाचकांनी ते मान्य केलं नाही आणि दहा वर्षांनी त्याला जिवंत करून परत आणावं लागलं. तुमचा तपास अधिकारी लोकांना आवडला असेल तर त्याला मारू नका, नुसतं रजेवर पाठवा.

माझं मत विचाराल, तर रहस्यकथा आणि भयकथा यांसाठी दोन नावांची गरज नाही. दोन्हीकडचे वाचक एकमेकांच्या वाटेनं जातात. मुलांसाठी लिहायचं ठरवलंत आणि तुमच्या रहस्यकथांत हिंसा असेल, तर मात्र वेगळं नाव घ्याच. तिथे प्रश्न विक्रीचा राहत नाही. आठ वर्षांच्या मुलानं तुमचं नाव शोधून दुसरं पुस्तक उघडलं तर त्याला काय वाचायला मिळेल, हा असतो.

आणखी एक भीती तुमच्या पत्रात ओळींच्या मधून दिसते. सगळीकडे लिहिलं तर ‘माझं’ असं काही उरेल का? ही भीती मलाही होती. पंधराव्या पुस्तकानंतर मी सगळी पुस्तकं जमिनीवर मांडली आणि प्रत्येकाची गोष्ट एकेका वाक्यात लिहून काढली. फरशी पुसणारी बाई, दोन ठिकाणी असलेला खुनी, घराशी भांडणारी म्हातारी, साहसाला निघालेली भावंडं. जवळजवळ प्रत्येक गोष्टीत कुणीतरी दुसऱ्याला वाचवण्यासाठी काहीतरी लपवत होतं. हे मी ठरवून केलेलं नव्हतं. एकाच प्रकारात राहिलो असतो तर ते मला रहस्यकथेचं वैशिष्ट्य वाटलं असतं, लपवणं तिथे असतंच. प्रेमकथेत आणि मुलांच्या पुस्तकातही ते सापडलं तेव्हा कळलं की हे माझं आहे.

म्हणून तुमच्या दोन नव्या कल्पनांपैकी कुठली आधी घ्यायची, याचं उत्तर मी देऊ शकत नाही, पण लेखनिकाकडे पाहण्याची एक जागा दाखवतो. तो नकला करतो, एवढंच तुम्ही लिहिलं आहे. तो कुठल्या उजेडात करतो ते आधी ठरवा. दिवसा, इतर लेखनिकांच्या रांगेत बसून करत असेल तर ती ऐतिहासिक कादंबरी होईल आणि तुम्हाला शाई, कागद, बोरू, मजुरी हे सगळं वाचावं लागेल. रात्री एकटा करत असेल तर त्याला तेल कोण देतं, आणि त्या कागदाची नक्कल दिवसा का होऊ शकत नाही, हा प्रश्न येतो, आणि तुमचा जुना हात तिथे उपयोगी पडेल. आणि दिव्यातलं तेल पहाटेपर्यंत कमीच होत नसेल, तर तुमची भयकथा आणि ही गोष्ट या दोन नाहीत. वहीत दोन पानं लिहून ठेवा, तारीख घाला, आणि तिसऱ्या कादंबरीत जी माणसं खोलीत उभी आहेत त्यांच्याकडे परत जा.